अनिश्चित वर्षाची तयारी: बाग, बेदाणा, भावाचा पगार आणि पतसंस्थेतली ठेव

तुमचा प्रश्न मोठा आहे, म्हणून आधी तो माझ्या शब्दांत मांडतो. तासगाव तालुक्यात तुमची तीन एकर द्राक्षबाग. एक एकर निर्यातीची, दोन एकर बेदाण्याची. शिवाय एक एकर ऊस. भाऊ कुपवाडच्या एमआयडीसीत मशीनवर आहे, त्याच्या कारखान्याचा माल अमेरिकेला जातो आणि ऑगस्ट २०२५ पासून ओव्हरटाइम बंद आहे. गेल्या हंगामातला दोन टन बेदाणा अजून कोल्ड स्टोरेजमध्ये. सात लाख पतसंस्थेत दहा टक्क्यांनी, दोन लाख बँकेत. ट्रॅक्टर घ्यायचं मनात आहे. आणि मोबाइलवर रोज कुणीतरी सांगतंय की डॉलर बुडणार, मंदी येणार, सगळं मोडा आणि सोनं घ्या. तर २०२६ साठी तयारी काय करावी?

मी सांगलीत हिशेब आणि कर सल्ल्याचं काम करतो. बागायतदार, अडते, हळदवाले, मिरज-कुपवाडचे वर्कशॉपवाले यांच्या वह्या माझ्याकडे असतात. जगाचं राजकारण मला टीव्हीवर दिसतं तेवढंच तुम्हाला दिसतं. पण त्यातलं काय आपल्या वहीत उतरतं आणि काय उतरत नाही, हे मी बरीच वर्षं बघत आलोय. त्यावरून लिहितो.

मंदी येणार का, याचं उत्तर मी देणार नाही. मार्च २०२० मध्ये ऐन हंगामात लॉकडाऊन लागेल असं जानेवारीत कुणी म्हणत नव्हतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशिया युक्रेनमध्ये घुसला आणि पोटॅश खताचे भाव भडकले. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले आणि द्राक्षांचे कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून युरोपला जायला लागले. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने बहुतेक भारतीय मालावर आधी २५ आणि २७ तारखेपासून एकूण ५० टक्के शुल्क लावलं. यातला एकही तडाखा आधी कळवून आला नाही. पुढचाही कळवून येणार नाही.

या चारही वेळी माझ्याकडच्या वह्यांत कोण अडचणीत आलं, ते मात्र सांगता येतं. भाव सगळ्यांचाच पडला होता. मोडला तो, ज्याला त्याच आठवड्यात विकणं भाग होतं. लॉकडाऊनमध्ये वेलीवर माल तयार, व्यापारी गायब. ज्याच्याकडे बेदाण्याचं शेड होतं किंवा शेजाऱ्याचं भाड्याने मिळालं, आणि ज्याच्या डोक्यावर महिन्याचा हप्ता नव्हता, त्याने सुकवून ठेवलं. पैसे उशिरा आले, पण आले. ज्याची खासगी सावकाराची तारीख एप्रिलमध्ये होती, त्याने मिळेल त्या भावाला माल दिला आणि ते कर्ज पुढची दोन-तीन वर्षं त्याच्या मागे राहिलं.

म्हणून तुमचा खरा प्रश्न मी असा मांडेन: तुमच्याकडे पैसा येतो वर्षातून दोन-तीनदा आणि त्याची तारीख तुमच्या हातात नाही. पैसा जातो मात्र ठरलेल्या तारखांना. जग बिघडलं की ही फट रुंदावते. ती आधीच अरुंद करून ठेवणं ही तयारी.

त्यासाठी एक काम आज संध्याकाळीच करा. दोनशे पानी वहीचं एक पान घ्या आणि जानेवारी ते डिसेंबर असे बारा रकाने पाडा. वर येणारे पैसे: ऊस बिल, निर्यातीच्या द्राक्षाचं पेमेंट, बेदाणा, भावाचा पगार. खाली जाणारे: सोसायटीचं कर्ज, खत-औषधाच्या दुकानाची उधारी, खरड छाटणीची (एप्रिलमधल्या छाटणीची) मजुरी, शाळेची फी, विम्याचा हप्ता, घरखर्च. येणारे पैसे तुम्हाला वाटतात त्यापेक्षा दोन महिने उशिरा लिहा आणि द्राक्षाचा भाव गेल्या पाच वर्षांतला सगळ्यात वाईट धरा. मग कोणता महिना उणा येतो बघा. बहुतेक बागायतदारांचा जून ते सप्टेंबर उणा येतो, कारण खरड छाटणीचा खर्च होऊन गेलेला असतो, बेदाण्याचं पेमेंट अर्धवट आलेलं असतं आणि ऑक्टोबर छाटणीची तयारी तोंडावर असते. तुमचं वेगळं असू शकेल. पण हे पान केल्याशिवाय पुढचं काहीच ठरवू नका.

आता एकेक घेऊ. सुरुवात बेदाण्यापासून, कारण तो निर्णय घाईचा आहे.

दोन टन ठेवलाय तो भाव चढेल म्हणून. सोयीसाठी किलोला ३०० रुपये धरू, म्हणजे माल सहा लाखांचा. अडत्याकडून उचल (आगाऊ पैसे) घेतली असेल आणि तिला वर्षाला बारा टक्के व्याज असेल, तर सहा महिन्यांचं व्याज ३६ हजार, म्हणजे किलोमागे १८ रुपये. त्यावर कोल्ड स्टोरेजचं भाडं, आणि रंग उतरला तर त्याची घट. म्हणजे भाव वीस-बावीस रुपयांनी चढला तरी तुम्ही जिथल्या तिथेच. उचल नसेल तर हिशेब थोडा सुसह्य होतो, एवढंच. शिवाय फेब्रुवारीपासून नवा माल शेडमधून उतरायला लागेल आणि तुमचा बेदाणा ‘जुना’ म्हणून पुकारला जाईल. २०२६ चा रमजान फेब्रुवारीच्या उत्तरार्धातला. त्याची खरेदी त्याआधी होते. मी तुमच्या जागी असतो तर एक टन डिसेंबरातच काढला असता, दुसरा जानेवारीत दोन सौद्यांत (लिलावांत), आणि नव्या हंगामात जुना माल नेलाच नसता.

बेदाण्याला बाहेरच्या जगाचा वारा लागतो तो अफगाणिस्तानातून येणाऱ्या मालाचा आणि २०२५ मध्ये ज्याची इतकी ओरड झाली त्या नेपाळमार्गे घुसणाऱ्या चिनी मालाचा. त्यावर तुमचा-माझा ताबा नाही. पण पेमेंटवर थोडा आहे. दिवाळीआधी सौदे बंद ठेवून झिरो पेमेंट करायची, म्हणजे सगळी मागची बाकी शून्यावर आणायची जी रीत आपल्याकडे आहे, ती अनुभवातून आली आहे. त्या वेळी कोणत्या व्यापाऱ्याने किती दिवस लावले, हे अडत्याला नेमकं माहीत असतं. स्पष्ट विचारा. किलोला पाच रुपये कमी देणारा पण तीन आठवड्यांत पैसे टाकणारा व्यापारी अशा वर्षात जास्त मोलाचा.

पुढच्या हंगामात माल धरायचाच असेल तर सावकारी उचलीपेक्षा तारण कर्ज बघा. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बाजार समितीमार्फत पिकानुसार मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी मिळते. बेदाण्याला क्विंटलमागे मर्यादा असते, ती समितीत जाऊन विचारा. हळदवाले याचा बरा उपयोग करतात, बेदाणेवाले फारसा करत नाहीत. याचं मला नेहमी वाईट वाटतं. बारा आणि सहा यातला फरक थेट तुमच्या खिशातला आहे.

निर्यातीच्या एकराबद्दल. ३ डिसेंबर २०२५ ला डॉलर पहिल्यांदा ९० रुपयांच्या वर गेला. निर्यातदाराला त्याच डॉलरमागे जास्त रुपये मिळतात, पण तुमचा सौदा बांधावर रुपयांत होतो. तो फायदा मागितल्याशिवाय तुमच्यापर्यंत येत नाही. मागा. मात्र त्याहून महत्त्वाचं हे की सौदा कोणत्या अटीवर होतोय. ‘तिकडे विकल्यावर भाव कळवतो’ या अटीत जहाज लांबलं, माल नरम पडला, युरोपातल्या रॉटरडॅम बंदरात बाजार भरलेला निघाला, तर सगळी जोखीम तुमच्या डोक्यावर येते. लाल समुद्राचा रस्ता बंद पडल्यावर न्हावा शेवाहून युरोपचा प्रवास साधारण दोन आठवड्यांनी वाढला होता, तेव्हा ज्यांचा बांधावरचा भाव ठरलेला होता ते वाचले. दोन पैसे कमी घ्या, पण ठरलेला भाव घ्या. काही रक्कम माल तोडायच्या आधी खात्यावर, बाकी रक्कम लेखी तारखेला.

बांगलादेशला माल देणारा दलाल आला तर जास्त सावध राहा. तिथे ऑगस्ट २०२४ मध्ये सरकार उलथलं, आणि आयात शुल्क कधी वाढेल याचा भरवसा नसतो. शुल्क वाढलं की दलाल भाव पाडतो किंवा फोन बंद करतो. आपल्या भागात दर हंगामात पैसे बुडवून पळालेल्या दलालांच्या तक्रारी होतात. त्याला ना ट्रम्प लागतो ना युद्ध. आधार कार्ड, जीएसटी नंबर, स्थानिक जामीनदार, यातलं काही नसेल तर गाडी भरू देऊ नका.

खतांवर लवकर आटोपतो. पोटॅश आपण जवळजवळ सगळं बाहेरून आणतो आणि विद्राव्य (पाण्यात विरघळणाऱ्या) खतांचा मोठा भाग चीनमधून यायचा. २०२५ मध्ये चीनने ती अडवली तेव्हा दुकानात काय झालं ते तुम्ही पाहिलंच. खरड छाटणीनंतर लागणारा एका हंगामाचा साठा मार्चपर्यंत घेऊन ठेवा, त्याहून जास्त नको. ओल लागली की गठ्ठे होतात आणि पैसा अडकतो. आणि देठ परीक्षण, म्हणजे पानाच्या देठाची प्रयोगशाळेत तपासणी, करून घ्या. माझ्याकडच्या वह्यांत खताच्या खर्चात सगळ्यात मोठी बचत भाव उतरल्यामुळे झालेली नाही. गरज नसलेलं खत बंद केल्यामुळे झाली आहे.

आता भावाचा पगार. तुमच्या घरात महिन्याला येणारा एकमेव पैसा हा आहे, म्हणून मला याची काळजी सगळ्यात जास्त वाटते. अमेरिकेच्या २०२५ च्या शुल्काचा फटका सगळ्यांना सारखा बसला नाही. पोलाद आणि वाहनांचे सुटे भाग यांना वेगळे नियम लागू होते, त्यामुळे त्याच्या कारखान्यात नेमका कोणता भाग बनतो यावर बरंच अवलंबून आहे. भावाने तीन गोष्टी चौकशी करून ठेवाव्यात: एकूण मालातला किती अमेरिकेला जातो, दुसरा मोठा गिऱ्हाईक कोण, आणि पगार तारखेला होतोय का. ओव्हरटाइम बंद होणं ही पहिली पायरी असते. पगार दहा तारखेचा वीस तारखेवर जाणं ही दुसरी. दुसरी दिसली की त्याने दुसरीकडे बोलणी सुरू करावीत, नोकरी जायची वाट बघू नये.

कुपवाडच्याच एका वर्कशॉपचं सांगतो, मालकाचं नाव नको. सगळा माल एका निर्यातदाराला. पेमेंट ४५ दिवसांचं ९० वर गेलं, मग १२० वर. ऑर्डर तेवढीच होती, कागदावर नफाही होता, पण पगाराला पैसे नाहीत म्हणून ओव्हरड्राफ्ट भरत गेला. आम्ही बसून येणे बाकीची यादी काढली तेव्हा ७० टक्के रक्कम एकाच नावावर निघाली. त्याची उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंद) होती, म्हणून ४५ दिवसांच्या नियमावर बोट ठेवून पत्र दिलं. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत आणि मार्चअखेर बाकी राहिले तर देणाऱ्याला त्या वर्षी तो खर्च आयकरात वजा मिळत नाही, हे २०२३-२४ पासून लागू आहे. मार्च जवळ आला तसे बरेच पैसे सुटले. त्यानंतर त्याने दोन मशीन पंपाच्या भागांकडे वळवली. मार्जिन कमी आहे, पण गिऱ्हाईक देशातलं आहे. भावाच्या मालकाने असं काही केलंय का, यावरून नोकरीचा अंदाज येईल.

यावरूनच ट्रॅक्टर. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. आठेक लाखांच्या ट्रॅक्टरमागे पन्नासेक हजार वाचतात. रिझर्व्ह बँकेनेही २०२५ मध्ये रेपो दर, म्हणजे बँकांना कर्ज देण्याचा दर, साडेसहावरून सव्वापाचवर आणला. त्यामुळे मोह होणं साहजिक आहे. पण तुम्ही लिहिलंय की हप्ता भावाच्या पगारातून जाईल. ज्या पगाराची शाश्वती सगळ्यात कमी, त्याच्यावरच वर्षातली सगळ्यात ताठ तारीख टांगू नका. द्राक्ष आणि बेदाण्याचे पैसे हातात आले की मे महिन्यात बघा, आणि बँकेकडे सहामाही हप्ता मागा. शेतीकर्जाला तो मिळतो. याला अपवाद एकच. भाड्याचा ब्लोअर वेळेवर न मिळाल्यामुळे फवारणी चुकून गेल्या दोन वर्षांत डाऊनी (केवडा) रोगाने तुमचं मोठं नुकसान झालं असेल, तर ट्रॅक्टर हीच सुरक्षितता ठरते. हे तुम्हालाच माहीत, मला इथून सांगता येणार नाही.

पतसंस्थेतले सात लाख. इथे मी जरा कडक बोलतो. बँकेतल्या ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे प्रत्येक बँकेत व्याजासह पाच लाखांपर्यंत विमा आहे, फेब्रुवारी २०२० पासून. सहकारी बँकांनाही आहे. पतसंस्थेला नाही. तिथला सगळा भरवसा संचालक आणि कर्जवसुलीवर. आपल्या जिल्ह्यात ठेवीदारांनी काय भोगलंय ते वेगळं सांगायला नको. लेकीच्या लग्नाचे पैसे अडकलेली माणसं माझ्यासमोर येऊन बसली आहेत. तुमची संस्था चांगलीही असेल. तरीही घराच्या नऊ लाखांतले सात एका ठिकाणी आणि विम्याशिवाय, हे मला पटत नाही. सगळं आज मोडू नका, व्याज बुडेल. मुदत संपेल तशी ठेव काढा आणि दोन बँकांत, तुमच्या आणि घरच्यांच्या नावावर अशी विभागून ठेवा, तीन-तीन महिन्यांच्या अंतराने मुदत संपेल अशी. व्याज काही टक्के कमी मिळेल. पण वरच्या पानावरचा उणा महिना येईल तेव्हा पैसे नक्की हातात असतील. बागेचा एका छाटणीचा खर्च आणि सहा महिन्यांचा घरखर्च एवढी रक्कम अशी ठेवायची. तुमच्या नऊ लाखांत ती बसेल असं वाटतं.

आणि सोनं. जानेवारी २०२५ मध्ये तोळा ७८ हजारांच्या आसपास होता, दिवाळीत एक लाख तीस हजारांच्या घरात गेला. हे बघून कुणालाही वाटेल की आपली गाडी चुकली. पण २०१३ मध्ये तेहतीस हजारांच्या आसपास घेतलेलं सोनं २०१५ मध्ये पंचवीस हजारांवर आलेलं होतं आणि तो भाव परत दिसायला २०१९ उजाडलं. विटा-खानापूरकडची गलाईवाली (सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारी) मंडळी देशभर सोन्या-चांदीत आयुष्य काढतात, त्यांना विचारा. भाव चढला की त्यांचंही भांडवल अडकतं. शिल्लक रकमेतला दहावा-आठवा हिस्सा सोन्यात असायला हरकत नाही. अडीअडचणीच्या ठेवी मोडून मात्र घेऊ नका. घरातले दागिने हा आधीच तुमचा राखीव साठा आहे, त्यावर एका दिवसात कर्ज मिळतं. ते वहिनींचं स्त्रीधन आहे, तेव्हा त्याचा हिशेब त्यांना विचारूनच धरा.

तुम्ही विचारलं नाही, पण जगाच्या राजकारणाइतकंच आपल्या राज्यातलं एक राजकारणही तुमच्या वहीत उतरतं. कर्जमाफीचा निर्णय ३० जून २०२६ पर्यंत घेऊ असं मुख्यमंत्र्यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केलं आणि अनेकांनी सोसायटीचं कर्ज भरायचं थांबवलं. तुम्ही थांबू नका. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर शून्य टक्क्याने पडतं. थकलं की ती सवलत गेली आणि नवं कर्जही अडलं. २०१७ च्या माफीत दीड लाख आणि २०१९ च्या माफीत दोन लाख अशी मर्यादा होती, अटींमध्ये अनेक जण बसले नाहीत. नियमित भरणाऱ्यांना प्रोत्साहनपर रक्कम दोन्ही वेळा जाहीर झाली. निर्णय काहीही असो, तुमचं खातं चालू असलं पाहिजे.

उसाला फार हात लावू नका. २०२५-२६ साठी सव्वादहा टक्के साखर उताऱ्याला ३५५० रुपये टन हा दर सरकारने ठरवला आणि १४ दिवसांत पैसे द्यायचा नियम आहे. कारखाने उशीर करतात, तरी तुमच्याकडच्या सगळ्या पिकांत भाव आधीपासून माहीत असलेलं हे एकच पीक. यंदा ऊस काढून तिथे नवी बाग लावायचा विचार असेल तर तो एक वर्ष पुढे ढकला.

शेवटी दवाखाना. माझ्याकडच्या वह्यांत घरं बसली ती लाल समुद्रामुळे कमी आणि मिरजेतल्या एका ऑपरेशनमुळे जास्त. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय. आई-वडील धरून पॉलिसी बघा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमचं रेशन कार्ड आणि आधार जुळतंय का, हेही याच आठवड्यात तपासा. नावातल्या स्पेलिंगमुळे अडलेले रुग्ण मी पाहिलेत, आणि ती दुरुस्ती अपघात विभागाबाहेर उभं राहून होत नाही.

बारा महिन्यांचं ते पान झालं की मला तीन गोष्टी कळवा: कोणते महिने उणे आले, पतसंस्थेच्या ठेवीची मुदत कधी संपते, आणि बेदाण्यावर उचल आहे की नाही. उचल असेल तर ती फेडणं आधी, बाकीचा क्रम त्यानंतर लावू.